पहिली गाय घ्यायची आहे, गरीब हवी

माचीवरचा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचक होतो, धागा काढायची ही पहिलीच वेळ.

१६ वर्षं पुण्यात नोकरी केली आणि गेल्या मे महिन्यात देवरुखजवळच्या आमच्या गावी कायमचा आलो. घरची सव्वादोन एकर जमीन. त्यात पाऊण एकर भात, बाकी काजू, थोडे आंबे आणि वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीन. घरात मी, बायको, ७२ वर्षांची आई आणि ७ वर्षांची लेक. बाबा होते तोवर गोठ्यात चार गुरं असायची. आता तिथे लाकूडफाटा आणि माझी बंद पडलेली बाईक आहे.

एक गाय घ्यायची आहे. दुधाचा धंदा करायचा नाही. घरापुरतं दूध, आईला ताक, बागेला शेणखत, एवढंच. अट एकच, गाय गरीब हवी. मला धार काढता येत नाही. लहानपणी आमच्या तांबूने मला शिंगावर घेऊन गडग्यापलीकडे टाकलं होतं, ती भीती अजून अंगात आहे. आणि लेक दिवसभर गोठ्यात जाणार हे आत्ताच दिसतंय.

कुठली जात सगळ्यात शांत? बजेट ५०-६० हजारांपर्यंत.

फक्त_वाचक

पुंगनूर घ्या! गुडघ्याएवढी गाय, मारून मारून किती मारेल? रील बघितली नाहीत का, लोक घरात सोफ्याशेजारी बांधतात.

शंकेखोर

@फक्त_वाचक, २०२४ च्या संक्रांतीला पंतप्रधानांचे पुंगनूर गाईंना चारा घालतानाचे फोटो आले आणि तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक बुटकी कालवड पुंगनूर झाली आहे. मूळ गाय आंध्रातल्या चित्तूरकडची, संख्येने कमी. खरी मिळाली तर ६० हजारांत येणार नाही आणि ६० हजारांत आली तर खरी नसणार. दूध दिवसाला एक ते तीन लिटर. तेवढं तर कोकणातली गावठी गायही देते.

देवणीवाला

दादा, शांत गाय पाहिजे तर देवणी. आमच्या उदगीर भागात तीन प्रकार ओळखतात: अंगभर काळे-पांढरे ठिपके असलेली शेवरा, पांढरी पण तोंड काळं असलेली वानेरा, आणि पोटाखाली काळे डाग असलेली बालंक्या. कान लोंबते, कपाळ रुंद, डोळा निवांत. आमच्या घरी माझी पुतणी दुसरीत होती तेव्हापासून गाय सोडून पाण्यावर नेते. दूध दिवसाला ४-५ लिटर धरून चाला. हळी-हंडरगुळीच्या बाजारात या, मी सोबत येतो.

पण खरं सांगायचं तर तुमच्याकडे तिचं कसं होईल ते मला सांगता यायचं नाही. आमची गाय काळ्या रानात ज्वारीच्या कडब्यावर वाढलेली. तुमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि खायला भाताचा पेंढा. आमच्या एका पाहुण्यांनी चिपळूणला नेली होती. पहिल्याच पावसाळ्यात खुरं सडली, वर्षभरात परत पाठवली.

सांगोल्याची_सून

मी खिल्लारच्या घरातली, त्यामुळे हक्काने सांगते: खिल्लार घेऊ नका. दिसायला देखणी, चालायला घोड्यासारखी, पण परक्या माणसाला उभं करत नाही. आमच्या सासऱ्यांना ती लेकरासारखी चाटते आणि मला लग्नानंतर दीड वर्ष गव्हाणीजवळ येऊ दिलं नाही. ती जात बैलांसाठी घडवलेली. दूध वासराला पुरलं तरी पुष्कळ. रविवारी सांगोल्याच्या बाजारात या, बघून डोळे निवतील, फक्त पाकीट घरी ठेवून या.

डॉ_गोठा

मी पशुवैद्यकीय खात्यात ३१ वर्षं काढली, त्यातली ९ कोकणात. माचीवरचा, प्रश्न थोडा फिरवून विचारा. कुठली जात शांत, यापेक्षा समोर उभी आहे ही गाय शांत आहे का, ते कसं ओळखायचं? जातीचा फरक पडतो. गीर, देवणी साधारण सोशिक, खिल्लार तापट, हे वर आलंच आहे. पण मी लाथा झाडणारी गीरही पाहिली आहे. एकाच गोठ्यातल्या दोन सख्ख्या बहिणींचे स्वभाव दोन टोकांना असतात. त्याहून जास्त फरक पडतो तो तिला कोणी आणि कसं वाढवलं याने.

तुम्हाला स्वतःला धार काढायची सवय नाही, म्हणून पहिलारू, म्हणजे पहिल्या वेताची, घेऊ नका. तिलाही ते नवीन आणि तुम्हालाही. शिकलेल्याने शिकणाऱ्याला शिकवावं, इथे शिकलेली गाय हवी. दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेताची, व्यायला महिना-दीड महिना झालेली, पायाशी वासरू असलेली बघा. ताज्या व्यालेल्या गाईवरून स्वभाव ठरवू नका, एरवीची गरीब गायही पहिले आठ-दहा दिवस वासराजवळ कोणाला फिरकू देत नाही.

गोठ्यात शिरताना मागून जाऊ नका. गाईचे डोळे बाजूला असतात, तिच्या ढुंगणामागचा पट्टा तिला दिसतच नाही आणि न दिसणाऱ्या गोष्टीला ती लाथ मारते. खांद्याच्या बाजूने, काहीतरी बोलत जा. चांगली गाय मान वळवून तुमच्याकडे बघेल, कान पुढे करेल आणि थोड्या वेळाने पुन्हा रवंथ सुरू करेल. मान वर ताणून, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवत, शेपटी सटासट मारत उभी राहिली तर दोन पावलं मागे या.

मग हात लावा. आधी खांदा, मग पाठ, पोट, शेवटी कास. चारही सडांच्या दोन-दोन चिळकांड्या काळ्या कपड्यावर काढून गाठी दिसतात का बघा. मागच्या पायांवर, ढोपराच्या वर, केस उडालेला किंवा घट्टा पडलेला पट्टा दिसला तर ती गाय पाय बांधून पिळली जाते असं समजा, मालक काहीही सांगो.

आणि हे मात्र सोडू नका: तीन धारा स्वतः समोर बसून बघा. संध्याकाळ, सकाळ, पुन्हा संध्याकाळ. त्यातली एक तरी स्वतः काढून बघा. न जमली तरी चालेल. तुमच्या अनाडी हाताखाली ती कशी उभी राहते ते बघायचं आहे.

घाटमाथा

डॉक्टरांच्या पोस्टला माझी एक जोड. शांत गाय आणि आजारी गाय यातला फरक मला फार महागात समजला.

२०१९ साली मी एका मोठ्या बाजारात हेड्यामार्फत, म्हणजे गुरांच्या दलालामार्फत, संकरित गाय घेतली. इतकी गरीब की माझ्या पोराला तिच्या पाठीवर बसवून फोटो काढला. मान खाली, डोळे अर्धवट मिटलेले, कोणी काही करा, हूं की चूं नाही. हेडी म्हणाला, 'साहेब, देवमाणूस आहे.' रुमालाखाली बोटं दाबली, ८० हजारांत सौदा झाला. घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी बसली ती उठेना. डॉक्टर आले, ताप १०५, गोचीड ताप निघाला. बाजारात आमच्या लक्षातच आलं नव्हतं की तासाभरात ती एकदाही रवंथ करत नव्हती.

उपचारांनी बारा-पंधरा दिवसांत खडखडीत बरी झाली. आणि मग तिचा खरा स्वभाव बाहेर आला. पहिल्या आठवड्यात दोन चरव्या चेपल्या, तिसरी माझ्या कपाळावर. पुढे सहा महिने पाय बांधून पिळली आणि शेवटी ओळखीतल्या मोठ्या गोठ्याला दिली.

डॉ_गोठा

@घाटमाथा, नेमकं. रवंथ, ओलं नाक, गरम कान. हे तीन बघितल्याशिवाय 'शांत' हा शब्द वापरू नये. बाजारात आणखी एक चाल असते: दूध जास्त दिसावं म्हणून दोन-दोन वेळा धार न काढता कास तुंबवून आणतात. दुखऱ्या कासेची गाय हात लावू देत नाही आणि आपल्याला वाटतं मारकी आहे. म्हणजे बाजारात गरीब गाय मारकी दिसते आणि आजारी गाय गरीब. म्हणूनच नवख्या माणसाने पहिली गाय बाजारातून न घेता घरातून घ्यावी.

कट्टा_कोल्हापूर

गाईवर का अडून बसलाय? म्हैस घ्या, पंढरपुरी. आमच्या गंगावेशीतल्या कट्ट्यावर येऊन बघा. समोरून रिक्षा, मागून बस, गिऱ्हाईक ग्लास घेऊन उभं, आणि म्हैस पान्हा सोडून रवंथ करत उभी. तलवारीसारखी शिंगं, पण ती दागिन्यापुरती. यापेक्षा गरीब जनावर सांगा.

सांगोल्याची_सून

@कट्टा_कोल्हापूर, शहरात वाढलेल्या म्हशीला रहदारीची सवय असते हो, ते सगळ्या म्हशींना लावू नका. आणि म्हैस एका हाताची होते. आमच्या मावशींकडची म्हैस त्यांनाच दूध द्यायची. त्या बाळंतपणाला माहेरी गेल्या, म्हैस आटली.

माचीवरचा

म्हशीचं मनावर घेतलं होतं, पण एप्रिलमध्ये आमची विहीर तळ गाठते. तिला डुंबायला कुठून आणू?

डॉक्टरसाहेब, तुमची पोस्ट प्रिंट काढून गोठ्याच्या दाराला लावली आहे. दोन प्रश्न. एक, आई म्हणते कपाळावर दोन भोवरे असलेली गाय घरात आणायची नाही. मी हसलो तर रुसली. दोन, गोऱ्हा झाला तर काय करायचं?

डॉ_गोठा

आईंना हसू नका. दोन भोवरे अशुभ वगैरे मी मानत नाही, पण भोवरा आणि स्वभाव यांचा काही संबंध असावा असं अमेरिकेतल्या टेम्पल ग्रँडिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९९५ च्या पाहणीत दिसलं होतं. कपाळावरचा भोवरा डोळ्यांच्या रेषेच्या वर असलेली गुरं खोड्यात अडकवल्यावर जास्त बिथरत होती. ही सरासरीची गोष्ट आहे, एका गाईचा निवाडा त्यावरून होत नाही. पण दोन सारख्या गाईंतून एक निवडायची असेल तर आईंचं ऐका, घरात शांतता राहील.

गोऱ्ह्याचं मात्र आधी ठरवा, नंतर नाही. २०१५ पासून आपल्याकडे गाईबरोबर बैल-वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे, त्यामुळे नको असलेला गोऱ्हा कोणीतरी घेऊन जाईल या भरवशावर राहू नका. भाताची चिखलणी बैलाने करणारा कोणी शेजारी असेल तर त्याच्याशी बोलून ठेवा. पुढच्या वेताला लिंगनिर्धारित रेतमात्रा वापरली तर १० पैकी साधारण ९ वेळा कालवड होते, दवाखान्यात चौकशी करा. गोऱ्हा ठेवायचाच असेल तर वेळेत खच्ची करून घ्या. लहान मूल असलेल्या घरात वळू वाढवू नका. किती लाडका असला तरी नको. बाटलीने दूध पाजून वाढवलेला वळू जास्त धोक्याचा, कारण त्याला माणसाची भीती राहिलेली नसते.

याच ओघात मुलीसाठी एक सूचना. वासराच्या कपाळाला तळहात लावून ढुशा-ढुशी खेळू देऊ नका. २५ किलोच्या वासराची ढुशी गोड असते, पण तीच सवय २५० किलोची झाल्यावर बरगडी मोडते. तुमची तांबूही कदाचित कोणाच्या तरी अशाच लाडाची असेल.

माचीवरचा

तांबूशी ढुशी खेळायचे ते आमचे काका. आता कळलं!

म्हापश्याची_माई

मी गोव्यातून. आमच्याकडे श्वेतकपिला म्हणून नोंदलेली पांढरी गाय आहे आणि तुमच्या पट्ट्यात कोकण कपिला. दोन्ही आता अधिकृत जाती आहेत, पण आपल्या आज्यांनी त्यांना 'आमची गाय' यापलीकडे नाव दिलं नव्हतं. लहान चणीची, काटक, कातळावर चरून येते, पावसाला दबत नाही. दूध दोन-अडीच लिटर. चार माणसांना ते पुरतं, पाहुणे आले की चहा काळा.

तुमच्याकडे जवळपास कुणाची तरी असेल. जातीचा दाखला शोधू नका, शेजारणीचा दाखला शोधा. गावातल्या बायकांना विचारा कुठली गाय कुठल्या सुनेला मारते. त्यांना सगळं ठाऊक असतं.

आणि एकटी गाय ठेवू नका रे. गुरं कळपातली. आमची पहिली एकटी होती, रात्रभर हंबरायची, दावं तोडायची, आम्ही म्हणायचो किती तापट. दुसरी आणल्यावर आठवड्यात निवली. शिवाय एक गाय वर्षभर दूध देत नाही, विण्याआधीचे दोन महिने तिला आटवावंच लागतं.

अकोलेकर

डांगीचं नाव कोणी घेतलं नाही म्हणून नोंद करतो. पावसाची म्हणाल तर आमच्या हरिश्चंद्रगडाच्या कुशीतल्या डांगीइतकी पावसाची गाय महाराष्ट्रात नाही. तेलकट कातडी, काळं टणक खूर. पण दूध कमी, आणि दिवसभर डोंगर चढायची सवय. सव्वादोन एकरात बांधली तर वैतागेल. माईंचं म्हणणं बरोबर, तिथलीच घ्या.

शंकेखोर

सगळे देशीचाच जप करताय, म्हणून विचारतो. जर्सी संकरित का नाही? लहान, शांत, ८-१० लिटर. निम्म्या महाराष्ट्राचा चहा तिच्यावर चालतो. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने तर फुले त्रिवेणी नावाची तिहेरी संकराची गाय तयार केली, होल्स्टीन, जर्सी आणि आपली गीर मिळून.

डॉ_गोठा

चांगली गाय आहे, पण तिच्या दुधाला खुराक लागतो. अडीच लिटर दुधामागे साधारण किलोभर पेंड-भरडा, शिवाय तिच्या स्वतःच्या अंगाला किलो-दीड किलो वेगळा. हिरवी वैरण बारमाही. ज्या घराला दोन लिटर हवंय त्याने दहा लिटरची गाय सांभाळायची म्हणजे आठ लिटरची काळजी फुकट. दगडीचा, म्हणजे कास सुजण्याचा, धोकाही जास्त दुधाच्या गाईला जास्त.

बाकी गाय कुठलीही घ्या, नुसत्या भाताच्या पेंढ्यावर ठेवू नका. त्यात पोट भरतं, पोषण नाही. क्षार मिश्रण रोज द्या. घेण्याआधी रक्त तपासून घ्या, सांसर्गिक गर्भपाताचा जंतू दुधातून माणसालाही होतो, म्हणून दूध उकळल्याशिवाय मुलीला देऊ नका. कानात बिल्ला आहे का आणि लाळ्या-खुरकूत, लम्पीची लस झाली आहे का, तेही विचारा. अडलं तर फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ या नंबरला फोन.

फक्त_वाचक

मी पुंगनूर म्हणालो होतो ते मागे घेतो. वाखूसा (वाचनखूण साठवली).

माचीवरचा

सहा आठवड्यांनी धागा वर काढतोय. गाय आली!

आधी सहा गाई बघितल्या. एकीच्या ढोपराच्या वर डॉक्टर म्हणाले तसाच पट्टा होता. मालक म्हणाला, 'कुंपणाची तार लागली.' दोन्ही पायांना, सारख्याच उंचीवर. चहा पिऊन परत आलो. एक पहिलारू होती, फारच सुंदर, बायको अडून बसली होती. कशीबशी तिथून हललो.

माईंनी सांगितलं तसं शेवटी आईने काम केलं. हळदीकुंकवाला गेली होती, तिथे बातमी मिळाली की दोन गावं सोडून एक म्हातारं जोडपं मुलाकडे मुंबईला जातंय, गाय विकायची आहे. तपकिरी, लहान चणीची, दुसऱ्या वेताची, पायाशी पाडी. कपाळावर भोवरा एकच, तोही डोळ्यांच्या खाली. आईने आधी तेच तपासलं.

तीन धारा बघितल्या. दुसरी मी काढली. काढली म्हणजे वीस मिनिटांत कपभर, आणि निम्मं मनगटावरून कोपरापर्यंत. गाईने एकदा मागे वळून बघून घेतलं आणि पुन्हा रवंथ. त्या क्षणी ठरवलं. रक्त तपासलं, साफ आलं. २२ हजारांना दिली, वर दोन भारे पेंढा.

पण घरी आल्यावर घोटाळा. पान्हाच सोडेना. वासरू लावलं की सोडायची, मी बसलो की आत ओढून घ्यायची. मारत नव्हती, नुसती उभी. तीन दिवस असं चाललं. चौथ्या दिवशी त्या काकूंना फोन केला. त्यांनी विचारलं, कुठल्या बाजूला बसता? मी उजवीकडे बसत होतो, त्या आयुष्यभर डावीकडे बसल्या. आणि म्हणाल्या, पँट घालून बसू नका, तिने गोठ्यात पँट फक्त इंजेक्शनवाल्याची बघितली आहे. दुसऱ्या दिवशी एसटीच्या कंडक्टरबरोबर त्यांनी आपली एक जुनी साडी पाठवली, न धुतलेली.

आता सकाळी आई धार काढते, संध्याकाळी मी. काल पाऊण लिटर निघालं. शेजारच्यांची भाकड गाय सोबतीला आमच्याच गोठ्यात बांधतो, रात्रीचं हंबरणं थांबलं. लेकीने पाडीचं नाव बिस्किट ठेवलंय, आईला ते अजून उच्चारवत नाही.

सांगोल्याची_सून

अभिनंदन! पण मुख्य मुद्दा राहिला. साडी तुम्ही नेसता का?

माचीवरचा

खांद्यावर टाकतो फक्त. बायकोने फोटो काढलाय. इथे टाकणार नाही.

डॉ_गोठा

टाका. आणि बिस्किटला जंताचं औषध दिलं का? वय किती झालं तिचं?

माचीवरचा

अडीच महिने. त्या काकूंनी एकदा दिलं होतं म्हणाल्या, तारीख लक्षात नाही. उद्या दवाखान्यात जातोच आहे.